मनकर्णामावशीचे अंगठे

मनकर्णामावशीच्या हाताचे अंगठे मी बांधू दिले नाहीत, म्हणून गावात माझ्या नावानं शिमगा चालला आहे. आमच्याकडे माणूस गेलं की उचलायच्या आधी हाताचे दोन अंगठे एका सुतानं आणि पायाचे दोन अंगठे दुसऱ्या सुतानं बांधतात. नाही बांधले तर गेलेलं माणूस परत फिरतं, असं म्हणतात. मावशीच्या पायाचे बांधले, हाताचे मोकळे राहिले. आता कोणाचं लेकरू पोट धरून रडलं की बायका माझ्या दाराकडं बघून बोलतात, "मनकर्णा फिरून राह्यली. मोकळ्या हातानं लेकरायचे पोटं चाचपून राह्यली." फिरू द्या! जिवंत होती तेव्हा याच बायका तिला भाकरीवरून उठवून न्यायच्या, आणि आता तिचंच नाव घ्यायची भीती वाटते म्हणे.

मी रुख्मिणी. कारंज्याची लेक, या गावची सून. चार इयत्ता शिकले आहे, म्हणून लिहिताना जरा पुस्तकी लिहिते. बोलते मात्र गावासारखंच. मनकर्णाबाई माझी सख्खी मावशी नव्हे. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. आमचं गाव शेलूबाजारापासून दोन कोसांवर. तिथं वडाजवळच्या दोन खोल्यांत ती राहायची. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, रंगू, ती गावातच शालिग्रामला दिलेली. मावशी निंदायला जायची, कापूस वेचायला जायची, आणि सकाळी कामावर जायच्या आधी लेकरांची पोटं चोळायची.

तिची पद्धत ठरलेली होती. लेकरू उपाशी पाहिजे. एरंडेल कोमट करून तळहातावर घ्यायची, पाय लांब करून लेकराला त्यावर उताणं घालायची आणि बेंबीपासून गोल गोल अंगठा फिरवत बाहेर न्यायची. तोंडानं शिव्या चालू. "काय खाल्लं रे मुडद्या? पोट हाये का कणगी?" लेकरू हसायचं, हसलं की पोट सैल पडायचं, आणि तेच तिला पाहिजे असायचं. तिचे अंगठे बघण्यासारखे होते. रुंद, नखं अगदी बारीक कापलेली, पुढचं पेर मागं वाकलेलं. चाळीस वर्षं चोळून चोळून तसे झाले होते.

पोट फुगलं, बेंबी सरकली, जंत झाले, सगळ्याला मनकर्णामावशी. हिवतापानं डाव्या बरगडीखाली जी गाठ वाढते, जिला आम्ही पांथरी म्हणतो, तिच्यासाठी तर शिरपूरकडूनसुद्धा बाया लेकरं कडेवर घेऊन यायच्या. पांथरीला पाच सकाळी चोळायची. बदल्यात एक नारळ आणि चोळीचा खण. त्यावर काही द्यायला गेलं की भडकायची. "मी काय दुकान मांडलं का व?"

माझ्या चंदाला तिनंच चोळलं होतं. एकतीस सालची गोष्ट. चंदा माझी पहिली लेक, साडेतीन वर्षांची. बोलायला लागली की थांबायची नाही, अगदी माझ्यावर गेलेली. एकदा अंघोळ घालताना तिच्या डाव्या कुशीत माझ्या हाताला काहीतरी लागलं. टणक, गुळगुळीत, लहान कवठाएवढं. चंदाला दुखत नव्हतं. खात होती, खेळत होती. फक्त हातपाय काटक्या झालेले आणि पोट पुढं आलेलं. दोनदा तिला लालसर लघवी झाली. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली, धन्याचं पाणी दे. त्या वर्षी घरोघर हिवताप होता, त्यामुळं जो तो म्हणाला पांथरी. मीही म्हटलं पांथरी, आणि मावशीला बोलावणं धाडलं.

चार सकाळी तिनं चोळलं. चार दिवसांत गोळा तसूभर हलला नाही. पाचव्या सकाळी चंदा फार रडली. शेजारच्या घरांत ऐकू जाईल इतकी रडली. मग मावशीचा अंगठा एकाएकी थांबला. तिनं पुन्हा दाबून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

"बसली व रुख्मे! बसली पांथरी! हात लावून पाह्य."

मी हात लावला. खरंच, टणक गोळा राहिला नव्हता. रसाचा आंबा हातात घोळल्यावर आत जसा सैल होतो, तसं पोट लागत होतं. मला रडूच फुटलं. पेटीतून माझं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि मावशीच्या खांद्यावर टाकलं. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

चंदा रडायची थांबली होती, म्हणून मी निर्धास्त झाले. झोपली तर झोपू दे म्हटलं. दुपारी पेज पाजायला उठवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे झाले होते आणि पोट ताठ झालं होतं. दोन दिवस घोटभर पाणीसुद्धा पोटात राहिलं नाही. माझी एवढी बोलकी पोर, एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मावशी माझ्यापेक्षा जास्त रडली. माझ्या उंबऱ्यावर बसून एकच विचारत राहिली, "पांथरी तं बसलती व माय, मंग देवानं काहून नेलं?" तापानं नेलं असं आम्ही ठरवलं. दुसरं काय ठरवणार?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. नवा आंबा त्या दिवशीच पहिल्यांदा खायचा, आधी गेलेल्याच्या नावाचं पान. सासूबाई म्हणाल्या, लेकराच्या नावानं कोणी घालत नाही. मी म्हटलं, मी घालते. आणि चंदाच्या नावानं मी दरसाल मनकर्णामावशीला बोलावू लागले. माझ्या लेकीला शेवटी आराम पडला तो हिच्या हातानं, असं माझ्या मनानं धरलं होतं. आठ वर्षं ती आली. सकाळीच यायची, माझ्यासोबत बसून आंबे घोळायची, पोळ्या लाटू लागायची आणि मग ते हिरवं लुगडं नेसून चंदाच्या नावाचं पान जेवायची. जेवताना डोळ्यांतून पाणी, पण पानात एक शीत ठेवायची नाही. म्हणायची, "पोरगी उपाशी राह्यची नाही."

एकोणचाळीस सालच्या माघात एका सकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. हात ओले. रंगूच्या सोनीला, तीन वर्षांच्या नातीला अंघोळ घालता घालता तशीच उठून आली होती. रंगू बाळंतीण, दुसरं लेकरू पंधरा दिवसांचं, म्हणून सोनीचं सगळं हीच बघत होती.

"रुख्मे, सोनीच्या पोटात तुह्या चंदीवानी हाये."

मी म्हटलं, "मंग चोळ ना. पांथरीच असंन."

"नाही. म्या हात ठेवला अन् काढून घेतला. पांथरीले काठ राह्यते, श्वासासंग खाली-वर होते. हे होत नाही. चंदीचंबी होत नव्हतं."

मी मान खाली घातली.

"याच्यात माह्या हाताले यश नाही," ती म्हणाली. "तुले वाचता येते. कारंजा तुले माहीत हाये. मले घेऊन चाल. हे एक लेकरू मले वाचवून दे माय."

गावभर हसू झालं. चोळणारीची नात दवाखान्यात चालली! एक बाई तर वाटेत आडवी आली. "मावशी, आमच्या लेकरायले चोळते अन् स्वतःच्या नातीले डागदर?" मावशीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गावातल्या मोहनसिंगच्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, पऱ्हाटी काढलेल्या शेतातला उरलासुरला कापूस भरून गादी केली, त्यावर सोनीला निजवलं आणि आम्ही निघालो. शालिग्राम बरोबर होता.

कारंज्याच्या डॉक्टरनं सोनीची लघवी काचेच्या पेल्यात धरून उजेडात बघितली आणि चिठ्ठी लिहून दिली. "नागपूरला न्या. घरी परत जाऊ नका, इथूनच न्या." छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. मावशीनं जन्मात आगगाडी बघितली नव्हती. वाटभर सोनीला मांडीवर घेऊन बसली, आणि दोन्ही हात लेकरापासून वेगळे, बाकाच्या कडेला धरून ठेवलेले. मला वाटलं गाडीला भिते.

नागपूरचा दवाखाना म्हणजे लोखंडी खाटांची लांबच लांब रांग. शालिग्रामनं कागदावर अंगठा उठवला आणि दोन दिवसांनी हरभरा सोंगायला परत गेला. आम्ही दोघी राहिलो. मोठा डॉक्टर आला. पिकलेला माणूस, आवाज हळू. त्यानं पसरलेला तळहात सोनीच्या पोटावर एकदाच ठेवला, कबुतराच्या अंगावर ठेवावा तसा, आणि लगेच काढला. मग सिस्टरकडून पाटी मागून घेतली, खडूनं काहीतरी लिहिलं आणि ती पाटी खाटेच्या दांडीला अडकवून ठेवली.

"काय लिवलं व?" मावशीनं मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. "या मुलीच्या पोटाला कोणीही हात लावू नये."

"काहून?" हे तिनं मला नाही, सरळ डॉक्टरला विचारलं.

त्यानं बिचाऱ्यानं समजावून सांगितलं. खेड्यातल्या बाया म्हणून झिडकारलं नाही. "बाई, ही पांथरी नाही. हिच्या गुर्द्यावर गाठ आहे. लहान लेकरांनाच होते अशी. गुर्दे दोन असतात. गाठीसकट एक काढून टाकला तर माणूस दुसऱ्यावर जगतो. पण गाठ आतून मऊ असते आणि वरचं साल पातळ. दाबली, चोळली, तर आतल्या आत फुटते. खेड्यांत पांथरी समजून चोळतात. फुटली की गोळा हाताला लागत नाही, मग लोकांना वाटतं बरं झालं. लेकरू मात्र पांढरं पडतं, आणि दोन-तीन दिवसांत जातं." मग त्यानं आमच्या दोघींकडं बघितलं. "हिला कोणी चोळलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "या पोरीले नाही चोळलं."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला. मावशी आपल्या हातांकडं बघत उभी होती. उजवा अंगठा डाव्या हातानं धरला होता. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या भरल्या वॉर्डात तिचा गळा धरला असता. आठ वर्षं मी या बाईला माझ्या लेकीच्या नावानं जेवू घातलं! पुरणपोळी वाढली, वर तूप वाढलं, आग्रह केला! दिवसभर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तीही बोलली नाही. सोनीला काय ते कळेना. ती एकदा माझ्याकडं बघायची, एकदा आजीकडं.

सोनीच्या अंगात ताप होता, रक्त कमी होतं. डॉक्टर म्हणाला आठ दिवस थांबू, दूध-अंडी खाऊ द्या, मग कापू. ते आठ दिवस मी विसरत नाही. गोळा वाढत होता आणि सोनीला आता दुखायला लागलं होतं. लहान तोंडानं सारखं एकच, "आजी, चोळ ना. आजी, थोडंसक चोळ ना." घरी कोणतंही दुखणं आजीच्या अंगठ्यानं थांबायचं, हे तिला माहीत होतं. आजी मात्र हात मागं बांधून उभी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली नळावर गेले होते. परत येते तर सिस्टर ओरडत धावत होती. मावशीला बसल्या बसल्या डुलकी लागली होती, सोनी कण्हली, आणि झोपेतच तिचा हात उठून सोनीच्या पोटावर गेला होता. अंगठा फिरायला लागला होता म्हणे. सिस्टरनं हात हिसडून काढला. मावशी जागी झाली, काय झालं ते तिला कळलं, आणि तिनं दोन्ही हात अंगापासून असे लांब धरले की मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. तिला स्वतःला तिच्या हातांची वाटत होती, तशी.

"रुख्मे, बांध."

"काय बांधू?"

"हात. हे माहं ऐकत नाहीत. लेकरू रडलं का आपल्या मनानं जातात. डोळा लागायच्या आधी बांधत जाय."

चांगलं म्हणून तिच्याजवळ एकच लुगडं होतं, तेच हिरवं. तिनं दातानं त्याचा काठ फाडला आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी बांधले. दोन्ही अंगठे एकाला एक लावून, वरून मनगटं आवळून. घट्ट बांधले. खोटं कशाला लिहू, हात काळेनिळे पडेपर्यंत आवळले, आणि आवळताना मला बरं वाटत होतं. सैल कर, असं तिनं म्हटलं नाही. मी गाठ मारता मारता तिच्या तोंडाकडं बघत होते. एक गोष्ट ती आता बोलेल, आता बोलेल, म्हणून वाट बघत होते. ती बोलली नाही. बांधलेले हात मांडीवर ठेवून खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली.

रोज बांधायचे, उठली की सोडायचे. मनगटांवर वळ उठले. चौथ्या दिवशी मी जरा सैल बांधले. सातव्या दिवशी माझ्या लुगड्याची घडी करून तिच्या हातांखाली ठेवली. का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

सोनीला नेलं तेव्हा सकाळ होती. दार लागलं. मावशी भिंतीला टेकून बसली आणि बांध म्हणाली, तेव्हा तर ती टक्क जागी होती. मी म्हटलं, आता कायले? लेकरू तं आत हाये. "तरीबी बांध," ती म्हणाली. मी बांधले आणि शेजारी बसले. दोन-अडीच तास. मध्ये एकदा तिनं विचारलं, "चंदी लय रडली होती ना व त्या दिवशी?" मी हो म्हटलं.

डॉक्टर बाहेर आला. "अख्खी निघाली. कुठं फुटली नाही." मग बोट वर करून म्हणाला, "पण ऐका. ही गाठ परत येऊ शकते. दोन वर्षं काढली तर पोर जगली समजा. तोवर मी काही सांगत नाही." मी मावशीचे हात सोडले. तिनं डॉक्टरच्या पायाला हात लावायला हात पुढं केले आणि लावायच्या आधीच मागं घेतले. डोकं मात्र त्याच्या पायावर ठेवलं.

चैत्रात आम्ही परत आलो. सोनीच्या कुशीला वीतभर वण होता. वैशाखात आखाजी आली आणि मला वाटलं, मावशी यायची नाही. आली. काठ फाडलेलं हिरवं लुगडं नेसून, सोनीचं बोट धरून आली. मी परातीत आंबे घोळत होते. ती माझ्याजवळ बसली, मला आंब्यावर अंगठा दाबताना बघितलं, आणि उठून मागच्या अंगणात गेली. तिला ओकारी आली होती.

पान मांडलं. ती पाटावर बसली, पण हात पानाकडं जाईना. सासूबाई समोर होत्या, शेजारच्या दोघी होत्या. सगळ्यांच्या समोर ती म्हणाली, "रुख्मे, चंदीच्या नावचं आता मले नाही जेवता येत. तिची गाठ माह्या हातानं फुटली. हात माहे होते." आणि नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पाचव्या सकाळचंही सांगितलं. काही गाळलं तर ते एकच.

मी काही बोलले नाही. मांडलेलं पान उठवत नाहीत, म्हणून सोनीला पाटावर बसवलं. ती सगळं जेवली. रस तर दोनदा मागितला.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. चंदीले मनकर्णानं मारलं. काही बायकांनी तिच्याकडून पाणी घेणं बंद केलं. माझ्या सासूनं तर शेवटपर्यंत तिला दारात उभं केलं नाही. आणि गंमत बघा, ज्या तोंडांनी तिला खुनी म्हणायच्या त्याच तोंडांनी, लेकरू रडायला लागलं की तिच्या दाराशी जाऊन म्हणायच्या, "एकडाव चोळून दे ना व मावशी." ती आपल्या हातांवर बसायची, खरोखर मांड्यांखाली हात घालून बसायची, आणि म्हणायची, "दवाखान्यात ने. पैदल ने पण ने." त्यानंतर तिनं एकाही लेकराच्या पोटाला अंगठा लावला नाही.

दोन वर्षं आम्ही दोघींनी सोनीच्या करगोट्यावर काढली. पोटाला हात लावायचा धीर दोघींनाही होत नव्हता, मग गोळा आला की नाही कसं कळावं? तिच्या कमरेला काळा करगोटा होता. दर सोमवारी मी मावशीकडं जायची आणि सोनीला नुसती नजरेनं बघायची, करगोटा रुतला का, सैल आहे का. एकदा रुतलेला दिसला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. संध्याकाळपर्यंत तो सैल झाला. पोरीनं कच्चा हरभरा खाल्ला होता पोटभर! मावशी त्या दिवशी हसली आणि हसता हसता रडली. दोन वर्षं गेली. सोनी आता तेरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच होईल, आणि जिभेला हाड नाही. एका गुर्द्यावर मजेत जगते आहे.

मावशी मात्र दहा वर्षं रोज हात बांधून झोपली. तीच हिरवी पट्टी, एक टोक दातात धरून स्वतःच गाठ मारायची. दुपारी मी कधी गेले की दिसायची, ओसरीवर कुशीवर निजलेली, अंगठे एकमेकांना लावलेले. एकदा मी सोडायला गेले. डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे व. लेकरं रडून राह्यले." गल्लीत एकही लेकरू रडत नव्हतं.

परवा ती गेली. बायका सूत घेऊन आल्या तेव्हा मी आडवी आले. दहा वर्षं बांधलेले हात आहेत हे, आता मोकळे जाऊ द्या, म्हटलं. भांडले. शेवटी हात मोकळेच गेले.

हाताचं मला सगळ्यांनी विचारलं. पायाचं कोणी विचारलं नाही. पायाचे अंगठे बांधायचं सूत माझ्याच हातात दिलं होतं. पाय जुळवून धर म्हणाल्या. माझ्याच्यानं झालं नाही, मी ते सूत रंगूच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन बसले.

पाचव्या सकाळचं मी वर पूर्ण लिहिलं नाही. मावशी त्या सकाळी एरंडेल तळहातावर घेऊन थांबली होती. "रुख्मे, हे पांथरी वाटत नाही. काठ लागत नाही. आज नको." मी म्हटलं होतं, "पाच सकाळी म्हणजे पाच. आज जोरानं चोळ, मनावर घे." चंदा लाथा झाडत होती. "आई, मावशीले पुरे म्हण ना," म्हणत होती.

मावशीला हे सगळं आठवत होतं. नागपूरला मी तिचे हात काळेनिळे होईतो आवळत होते तेव्हाही, आणि आखाजीला सगळ्यांसमोर ती "हात माहे होते" म्हणाली तेव्हाही. पाय कोणी धरले होते, ते तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

चंदाचे पाय मी धरले होते.